आधी देठं मोडा

सुभद्रा घाडीगावकरांचा विषय बंद करावा, असं पत्र मी माझ्या हाताने लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कोणाला वाटायचं की हा माणूस पहिल्यापासून बाईंचा भक्त होता. तसं काही नव्हतं. मी रोज दुपारी त्यांच्या डब्यातलं खात होतो आणि त्यांच्या विषयाला नाक मुरडत होतो.

आमचं इंजिनियरिंग कॉलेज परळला. मी मेकॅनिकलच्या मुलांना थर्मोडायनॅमिक्स शिकवतो. अवघड विषय आहे, मुलं नापास होतात, त्यामुळे मला मान आहे. घाडीगावकर मॅडम तिसऱ्या वर्षाला औद्योगिक व्यवस्थापन शिकवायच्या. त्यात कोणी नापास होत नसे. नियोजन, संघटन, नियंत्रण, अमक्याची चौदा तत्त्वं, तमक्याच्या पाच पायऱ्या. मुलं आदल्या दिवशी झेरॉक्स आणत, घोकत आणि नव्वदच्या वर मार्क घेऊन मोकळी होत. हा विषय शिकवायला शिक्षक कशाला हवा, असं मी स्टाफरूममध्ये उघड म्हणत असे. मॅडम समोरच बसलेल्या असत. त्या माझ्या ताटलीत माशाचं तिखलं वाढत आणि म्हणत, "खरंय सर. पण आधी जेवा."

बाई लालबागच्या. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, मूळ गाव देवगडकडे. डिप्लोमा करून त्या ठाण्याच्या पुढे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात लागल्या आणि नोकरी करता करता डिग्री घेतली. कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी लावायचं, हे ठरवण्याच्या खात्यात सतरा वर्षं काढली. कारखाना गुजरातला गेला तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. बुटक्या, चष्मा नाकावर घसरलेला, खांद्याला कायम कापडी पिशवी. बोलणं मोजकं, आणि समोरच्याने केलेली चूक त्यांना लगेच दिसायची. ती त्या सांगायच्या मात्र त्यांच्या वेळेने.

पहिली एकोणीस वर्षं त्यांनीही सगळ्यांसारखंच शिकवलं. वहीतून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत. मग एक दिवस त्यांचा जुना विद्यार्थी सुशांत भेटायला आला. तळोज्याच्या एका कारखान्यात शिफ्ट इंजिनियर झाला होता. मी तिथेच पेपर तपासत होतो. पोरगा पेढे घेऊन आला असेल असं वाटलं, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं. म्हणाला, "मॅडम, तुमच्या विषयात मला ब्याण्णव होते. माझ्या लाइनवर एक ऑपरेटर आहे, माझ्या बाबांच्या वयाचा. तो माझं ऐकत नाही. सकाळी गेल्यावर त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं, ते कुठल्या धड्यात होतं?"

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, आणि मी उपाशी राहिलो म्हणून मला तो दिवस लक्षात आहे.

पुढच्या सत्रापासून त्यांनी नोट्स देणं थांबवलं. पाच-पाच मुलांचे गट केले आणि परळ-लालबाग-दादरमध्ये जिथे खरंखुरं काम चालतं तिथे त्यांना पाठवायला सुरुवात केली. एक गट हिंदमाताच्या साडीच्या दुकानात, गिऱ्हाईक गेल्यावर साड्यांच्या घड्या कशा होतात ते बघायला. एक दादरच्या बाजारात. त्यांचा नियम एकच. पहिल्या तीन भेटींत वही काढायची नाही, मोबाइल काढायचा नाही, मत द्यायचं नाही. तिथलं सगळ्यात खालचं काम करायचं. त्यांचे वडील सांगत म्हणे, खात्यात नवा साहेब आला की त्याने आठ दिवस नुसता झाडू मारावा, मग हुकूम सोडावा. साहेब कधी मारत नसत, ते सोडा.

मला हा सगळा पोरखेळ वाटला. त्याच सुमारास आमचं कॉलेज स्वायत्त झालं, अभ्यासक्रम आमचा आम्ही ठरवायचा असं झालं. मला माझ्या लॅबसाठी आठवड्याचे चार तास हवे होते. म्हणून मी प्राचार्यांना पत्र लिहिलं: औद्योगिक व्यवस्थापनाचे उत्तम व्हिडिओ उपलब्ध आहेत, मुलांनी ते घरी बघावेत, वर्ग बंद करावा. पत्राची प्रत मॅडमकडे गेली. दुपारी त्या डबा घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, पत्र वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही सत्र अठरा आठवड्यांचं धरलंय. ते पंधराचं आहे. दुरुस्त करून द्या, नाहीतर ऑफिसातून परत येईल."

मी निर्लज्जासारखं ते दुरुस्त करून दिलं.

प्राचार्यांनी ठरवलं की मे महिन्याच्या बैठकीत मॅडमच्या एका गटाने आपलं काम मांडावं. फायदा आकड्यांत दिसला तर विषय राहील. नाही दिसला तर व्हिडिओ लागतील आणि मॅडम निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं परीक्षा विभागात बसतील. परीक्षा विभाग म्हणजे तळमजल्यावरची, खिडकी नसलेली, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांची खोली. बाईंनी यावर एकदाच तोंड उघडलं. हात धुताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, मला त्या खोलीत बसायचं नाही हो. आता कुठे शिकवायला जमायला लागलंय." मी नळ बंद करायचा विसरलो.

बैठकीसाठी त्यांनी निवडला तो लालबागच्या मिरची गल्लीतला गट. तिथे जयवंतचा मसाल्याचा डंक आहे. मार्च लागला की मुंबईभरच्या बायका वर्षाचा मसाला करायला त्या गल्लीत येतात. मिरच्या, धणे, खडा मसाला विकत घ्यायचा, देठं मोडायची, तिथेच भाजून घ्यायचं आणि डंकावर लोखंडी मुसळांखाली कुटून घ्यायचं. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. आपलाच मसाला आपल्या डब्यात पडतोय ना, हे बघायला बाई डंकासमोरून हलत नाही. सकाळी आलेली बाई दुपारी परत जाते. मॅडम तीस वर्षं जयवंतच्या गिऱ्हाईक, त्यामुळे त्याने मुलांना येऊ दिलं.

गटाची पुढारी श्रेया. प्रभादेवीची, वर्गात पहिली, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी मॅडमनी तिच्या पुढ्यात मिरच्यांचा ढीग ठेवून "आधी देठं मोडा" म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आम्ही इंजिनियर होणार आहोत."

"व्हा ना. देठं मोडून झाल्यावर व्हा."

पोरांनी एक दिवस देठं मोडली, शिंकून शिंकून हैराण झाली आणि दुसऱ्या दिवशी मॅडमची नजर चुकवून मोबाइलवर वेळा टिपायला लागली. चार दिवसांत त्यांनी उत्तर काढलं, आणि ते पुस्तकातलं उत्तर होतं: छोटी कामं आधी घेतली की सगळ्यांचं मिळून थांबणं कमी होतं. वजनाप्रमाणे टोकन द्यायचं, पाव किलोवाल्या बाईने पाच किलोवालीमागे ताटकळायचं नाही. गणित बिनचूक होतं. मीसुद्धा ते बघून मान डोलावली. एका शनिवारी सकाळपासून ही पद्धत लावून बघायला जयवंत कबूल झाला.

त्या शनिवारी मी तिथे होतो. आमच्या घरचा मसाला घ्यायचा होता म्हणून बायकोने, दीपिकाने, पिटाळलं होतं, आणि थोडी गंमत बघायचीही हौस होती. श्रेयाने भिंतीला यादी चिकटवली होती. मॅडम चष्मा वर सरकवून ती यादी बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या. मग त्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे गेल्या. आनंदीबाई त्यांचं नाव, दरवर्षी गिरगावातून यायच्या. तीन लेकींच्या घरचा मसाला त्या एकट्या करून नेत. मॅडम त्यांना म्हणाल्या, "आनंदीबाई, मला घाई नाही. माझं तीन नंबरचं टोकन तुम्ही घ्या, तुमचं पाचवं मला द्या." आनंदीबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं, बाईंचं मन मोठं आहे. तेवढंच वाटलं. माझा नंबर दुसरा होता. तो घेऊन मी दादरला घरी जेवायला गेलो.

दुपारी तिथे जे झालं ते मला नंतर कळलं. चौथ्या नंबरला कोणाची तरी दोन किलो हळकुंडं होती. वजन कमी म्हणून यादीत वर. जयवंतकडे हळद दिवसाच्या अगदी शेवटी कुटतात, कारण तिचा रंग डंकाला धरून बसतो आणि मग पुढच्या मालात उतरतो. हे गल्लीतल्या कुठल्याही बाईने डोळे मिटून सांगितलं असतं. पोरांनी विचारलंच नव्हतं. हळदीनंतरचा मसाला निघाला तो लाल नाही, पिवळा, त्याला हळदीचा उग्र वास. मालवणी मसाला म्हणून कोणी ओळखला नसता. तो मसाला घाडीगावकर मॅडमचा होता. त्याच्यापुढे जयवंतने डंक थांबवून धुऊन घेतला. नशीब, कोणा परक्या गिऱ्हाइकाचा नव्हता, असं पोरं आपापसांत म्हणाली.

त्यानंतर महिनाभर मॅडमच्या डब्यातलं कालवण पिवळट असायचं. मी एकदा विचारलं, "हळद सांडली का हो?" म्हणाल्या, "सांडली." मी ते महिनाभर खाल्लं, रोज काहीतरी टोमणा मारून.

बैठक झाली. आम्ही सातजण टेबलाभोवती, भिंतीशी मॅडम, समोर श्रेया आणि तिचा गट. श्रेयाने पहिला तक्ता दाखवला. सरासरी थांबणं पस्तीस मिनिटांनी कमी. प्राचार्य खूश झाले. मी मॅडमकडे बघितलं, म्हटलं, चला, वाचल्या. पोरगी इथे थांबली असती तर काम झालं होतं.

पण तिने पुढचं चित्र लावलं. स्टीलच्या डब्यात पिवळी भुकटी. "सर, हा घाडीगावकर मॅडमचा वर्षभराचा मसाला आहे," ती म्हणाली. "आमच्या पद्धतीने हा असा झाला. म्हणजे ती पस्तीस मिनिटं खोटी आहेत." मग तिने हळदीचं सांगितलं. परीक्षा विभागाचे प्रमुख कागदावर लिहीत होते, ते थांबून म्हणाले, "मग आकडा नक्की किती धरायचा?"

"थांबा सर, अजून आहे," श्रेया म्हणाली. तिचा आवाज आता फटकळ राहिला नव्हता. "हळदीनंतर आनंदीबाईंचा नंबर होता. मॅडमनी सकाळीच टोकन बदलून घेतलं. आम्हाला हे माहीत नव्हतं. काल जयवंतकाकांनी सांगितलं. हळकुंडं डंकात टाकायच्या आधी ते मॅडमना म्हणाले होते, 'ताय, पोरां काय करतत ता दिसता मा तुका?' मॅडम म्हणाल्या, 'दिसता. तू गप रव.'"

प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला आधीच दिसलं होतं?"

"हो."

"मग मुलांना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्यांनी लिहून घेतलं असतं, सर," मॅडम म्हणाल्या. "मी वीस वर्षं सांगतेच आहे. सगळं लिहून घेतात."

गटातला दीपक नावाचा मुलगा मध्येच म्हणाला, "त्यानंतर आम्ही सहा दिवस देठं मोडली, सर." आणि मग त्यांनी दुसऱ्या शनिवारचं सांगितलं. देठं मोडता मोडता त्यांना कळलं की बायका तिथे रिकाम्या बसलेल्याच नसतात. त्यांचं निवडणं-भाजणं चालू असतं. त्रास असतो तो एवढाच की आपला नंबर कधी लागेल हे कळत नाही, म्हणून चहाला, बाथरूमला उठता येत नाही. जयवंत पूर्वीपासून माल एका क्रमाने घेतो, गोडा मसाला, मग धणे-जिरे, मग मालवणी, मग लवंगी मिरची, शेवटी हळद, पण तो क्रम त्याच्या डोक्यात. पोरांनी तो खडूने एका पाटीवर लिहून दाराशी टांगला. बायका आपलं नाव बघून उठू-बसू लागल्या. वाचलेला वेळ बारा मिनिटं. एवढंच. श्रेया म्हणाली, "आमच्याकडे दाखवायला ही पाटी आहे."

मला त्या पिवळ्या कालवणाची चव आठवली आणि मारलेले सगळे टोमणे आठवले. मला लाज वाटली. पंचवीस वर्षं मी फळ्यावर समीकरणं लिहितोय आणि पोरं ती लिहून घेतायत. एकाही पोराच्या चुकीसाठी मी माझ्या घरची चिमूटभर वस्तू पुढे केलेली नाही. मी हात वर केला आणि म्हटलं, "ते पत्र माझं आहे. ते मला परत हवंय."

विषय राहिला. पण प्राचार्य व्यवहारी माणूस, त्यांनी विचारलं की मॅडम तीन वर्षांनी निवृत्त झाल्यावर हे कोण करणार? सगळे टेबलाकडे बघू लागले. मॅडम म्हणाल्या, "यशोधन सर करतील. त्यांना वेळ असतो."

यशोधन म्हणजे मी. त्यांनी सूड असा उगवला. तीन वर्षं मी त्यांच्या मागे फिरलो. पहिल्याच दिवशी मिरचीचे हात डोळ्याला लावले आणि गल्लीच्या नळावर डोकं धरून बसलो. जयवंत अजून त्याची नक्कल करतो. बाईंनी मला कधी समजावून काही सांगितलं नाही. मी एखाद्या मुलाला चूक दाखवायला तोंड उघडलं की त्या माझी बाही ओढत. घरी दीपिका म्हणाली, हल्ली तुम्ही बोलण्याआधी थांबता, तब्येत बरी आहे ना? गेल्या जूनमध्ये मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाला मी भाषण लिहून नेलं होतं, ते मला वाचता आलं नाही, दोन ओळींनंतर कागद घडी करून खिशात ठेवला. त्या खालून म्हणाल्या, "सर, जेवणं थंड होतायत."

आणि यंदाच्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा एकटा मुलं घेऊन जयवंतकडे गेलो. बाई होत्या तेव्हा त्यांच्या गप्प बसण्याला अर्थ होता. मी गप्प बसलो तर तो नुसता हलगर्जीपणा ठरेल की काय, असं वाटत होतं. मला जमलं नाही तर ऑफिसात व्हिडिओ तयारच होते, प्राचार्यांनी तसं सांगूनही ठेवलं होतं.

यंदाच्या गटाला हळदीचं ठाऊक होतं. ते त्यांनी आधीच्या वर्षीच्या मुलांकडून लिहून घेतलं होतं. त्यांनी नवीन शोध लावला. भट्टी सारखी पेटवायची-विझवायची कशाला, सगळ्यांच्या मिरच्या सकाळी एकदमच भाजून घ्याव्यात आणि मग एकेक पिशवी डंकावर द्यावी. मी भिंतीवरची यादी वाचली. भाजलेली मिरची आपल्या इथल्या हवेत फार वेळ ठेवता येत नाही. ती सादळते, चिवट होते आणि मग मुसळाखाली कुटत नाही, नुसती चेपते. यादीत शेवटचं नाव आनंदीबाईंचं होतं. आता त्या काठी टेकत येतात, पण येतात. माझ्या घरची पिशवी दुसऱ्या नंबरला होती.

माझ्या जिभेवर सगळं वाक्य तयार होतं. मुलं समोर उभी होती, पेनं उघडलेली.

मी ते वाक्य गिळलं. आनंदीबाईंकडे गेलो आणि म्हटलं, "आजी, मला घाई नाही. माझा नंबर तुम्ही घ्या." माझी पिशवी उचलून मी रांगेच्या शेवटाला नेऊन ठेवली. जयवंतने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. घरी दीपिकाला काय सांगायचं, ते मला अजिबात सुचत नव्हतं.

वळलो तर मागच्या बाकावर घाडीगावकर मॅडम बसल्या होत्या. त्यांचा मसाला करायला आल्या होत्या, कधीच्या आल्या होत्या कोण जाणे. त्यांनी माझी पिशवी बघितली, भिंतीवरची यादी बघितली. चष्मा काढून पदराने पुसला. मग बाकावर सरकून जागा केली आणि देठं मोडायच्या मिरच्यांचं सूप दोघांच्या मध्ये ठेवलं.